अम्नूनचा आजार आणि त्याचा चोर

शब्बाथच्या आदल्या दिवशी मासळीवाल्यापुढे उभे राहिले की आपला हात आपोआप अम्नूनकडे जातो. खवले आहेत, पर आहेत, म्हणजे कोशर. आणि नारळाच्या रसात शिजवला की कोकणची आठवण होते. "पण त्याला रोग लागला आहे म्हणे, खावा का?" असे मंडळात अनेकजणींनी विचारले. म्हणून हा लेख.

२००९ पासून इस्राएलमधील मत्स्यतळ्यांत हे मासे मोठ्या संख्येने मरू लागले. डोळे पांढुरके, अंगावर जखमा. किनेरेतमधली मासळीही घटली होती. तेल अवीव विद्यापीठ व बेत दगानची किमरॉन पशुवैद्यकीय संस्था येथील संशोधकांनी २०१४ मध्ये कारण प्रसिद्ध केले. आजारी माशाच्या मेंदूतला अंश प्रयोगशाळेतील पेशींवर घातला, तर त्या मरू लागल्या. या पेशी मूळच्या आपल्या मरळ माशाच्या! तेथे वाढवलेला विषाणू निरोगी माशांना टोचला, तर तोच रोग झाला. ईथर व क्लोरोफॉर्मने तो निकामी झाला. आम्हा रसायनवाल्यांना ही खूण ओळखीची: विषाणूभोवती चरबीचे वेष्टन आहे. नाव पडले तिलापिया लेक व्हायरस.

२०१६ मध्ये त्याची जनुके वाचली गेली. ती दहा सुट्या तुकड्यांत आहेत आणि त्यांतला एकच तुकडा फ्लूच्या विषाणूशी थोडाफार जुळतो.

खरी गोम येथे आहे. एकाच माशात दोन उपप्रकार शिरले, तर पत्ते पिसावेत तसे तुकडे अदलाबदल होऊ शकतात. एकाच तुकड्यावरून विषाणूचे घराणे ठरवले, तर फसगत होते. बांगलादेशातील विषाणूवरच्या २०२० च्या अभ्यासाने हाच इशारा दिला. म्हणून दहाही तुकडे वाचावे लागतात. शिवाय पीसीआर चाचणी ठरावीक अक्षरे शोधते. नेमकी तीच बदलली तर चाचणी "रोग नाही" म्हणते, आणि दूषित मत्स्यबीज दुसऱ्या देशात पोहोचते. इक्वेडोर, इजिप्त, थायलंड आणि भारतातही हा विषाणू सापडला आहे. उजनी धरणातली चिलापी ही या अम्नूनचीच भावंडे. लहान तळेवाल्याचे वर्षभराचे पोट त्यावर असते.

आता मूळ प्रश्न. हा विषाणू माणसाला बाधल्याचे आजवर आढळलेले नाही. ताजा मासा घ्या, नीट शिजवा, खुशाल खा. मात्र कोणाच्या तळ्यातले जिवंत मासे दुसऱ्या तळ्यात सोडू नका, आणि मासळीचे धुवण तळ्यात टाकू नका. एवढे आपल्या हातात आहे.