पणजोबांचे वडील कोण होते? वऱ्हाडात असं शोधा

परवा धामणगाव रेल्वे या गावात एका ओळखीच्या काकांनी विचारलं, “आमचे पणजोबा मूळचे कुठले, हे आता कळंल का?” बहुतेक वेळा कळतं. माझा हा आवडता छंद आहे, म्हणून क्रम सांगतो.

१) आधी घरातल्या थोरांना विचारा: मूळ गाव, कुलदैवत, जुनं शेत.

२) आजोबांच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बघा. त्यात वडिलांचं नाव आणि जन्मतारीख मिळते.

३) मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदवलेले असतात. समजा, 1921 च्या मृत्यूनोंदीत वय 60 आहे, तर जन्म साधारण 1861 चा. वय अंदाजे लिहीत, म्हणून पाच-सात वर्षं मागंपुढं धरा.

४) आडनावावर अडू नका. जुन्या नोंदी ‘सखाराम वल्द गणू’ अशा असतात. बापाचं नाव तिथंच सापडतं!

५) 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, पुढं रयतवारी मोजणी झाली. शेताचा सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जुने खातेदार शोधता येतात.

६) त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे गावा-आडनावानुसार नामावळी असते. तिथं भाऊबंदही सापडतात.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि या मार्गावरच्या गावांत बाहेरची कुटुंबंही येऊन वसली. इथं नोंद नसेल तर मूळ गावच्या दप्तरात बघा.

मोडीतली नोंद अडली किंवा कुठून सुरुवात करावी कळेना, तर जरूर विचारा.