महाग पक्कड, स्वस्त पक्कड: हत्यारांच्या खरेदीचा हिशेब

दुकानात पक्कड मागितली की दुकानदार तीन-चार डबे पुढे ठेवतो. दिसायला सगळ्या सारख्याच. एक शंभर-सव्वाशे रुपयांची, एक साडेतीनशेची, आणि एक परदेशी बनावटीची अडीच-तीन हजारांची. घरात वर्षातून दहा वेळा खिळा उपटणाऱ्याला हा प्रश्न छोटा वाटेल. पण वायरमन, प्लंबर, सुतार, फिटर किंवा गॅरेजमधला मिस्त्री यांची कमाई याच हत्यारांवर चालते. पूर्ण पेटी भरायची तर पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कितीही पैसे जाऊ शकतात. हे पैसे बहुतेक वेळा बचतीतून जातात, किंवा कर्जातून येतात. म्हणून नामांकित ब्रँडचे हत्यार कधी परवडते आणि कधी परवडत नाही, हे आकड्यांत समजून घेऊ.

डब्यावरची किंमत नको, रोजची किंमत काढा

हत्याराची खरी किंमत काढायची रीत सोपी आहे. खरेदीची रक्कम भागिले ते हत्यार जितके कामाचे दिवस टिकेल तितके दिवस. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर वर्षाचे ३०० दिवस होतात. आता एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या दुकानातील भाव आणि तुमचा अनुभव घालून हेच गणित पुन्हा करा.

- बिननावाची पक्कड: १२० रुपये, टिकली ४ महिने म्हणजे १०० दिवस. रोजचा खर्च १ रुपया २० पैसे.
- चांगल्या भारतीय कंपनीची पक्कड: ३५० रुपये, टिकली ३ वर्षे म्हणजे ९०० दिवस. रोजचा खर्च सुमारे ३९ पैसे.
- परदेशी प्रीमियम पक्कड: ३,००० रुपये, टिकली १० वर्षे म्हणजे ३,००० दिवस. रोजचा खर्च १ रुपया.

यातून दोन गोष्टी दिसतात. सगळ्यात स्वस्त वाटणारी पक्कड प्रत्यक्षात सगळ्यात महाग पडली. आणि सगळ्यात टिकाऊ पक्कड मधल्या पकडीपेक्षा रोज ६१ पैसे जास्त खाते. म्हणजे केवळ टिकाऊपणासाठी प्रीमियम हत्यार घेणे परवडत नाही. ते ६१ पैसे दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने वसूल व्हायला हवेत.

वेळ वाचतो, पण तो कुणाच्या खिशात जातो?

प्रीमियम हत्याराचा खरा फायदा वेळ आणि श्रम वाचण्यात असतो. जर्मनीतील वुपरटाल शहरातील क्निपेक्स ही १८८२ पासूनची कंपनी पकडींसाठीच ओळखली जाते. तिच्या कोब्रा नावाच्या पाईप पकडीत बटण दाबून जबडा हव्या त्या मापावर बसवता येतो आणि तो पाईपवर स्वतःच घट्ट धरतो. त्याच शहरातील वेरा कंपनीच्या काही पेचकसांच्या टोकावर लेझरने बारीक खरखरीतपणा आणलेला असतो, त्यामुळे स्क्रूच्या डोक्यातून टोक सहज निसटत नाही. दिवसातून चाळीस वेळा तेच काम करणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो.

समजा तुमची दिवसाची कमाई आठ तासांना ८०० रुपये आहे. म्हणजे तासाला १०० रुपये. चांगल्या हत्याराने रोज फक्त पाच मिनिटे वाचली तरी त्यांची किंमत सुमारे ८ रुपये होते. ६१ पैशांच्या बदल्यात ८ रुपये, हा सौदा फायद्याचा आहे. पण एक अट आहे. वाचलेल्या वेळात तुम्हाला जादा काम मिळाले पाहिजे.

जो वायरमन पॉइंटमागे पैसे घेतो किंवा जो प्लंबर कामाचा ठेका घेतो, त्याला वाचलेली मिनिटे पैशांत मिळतात. जो ठरलेल्या रोजावर जातो, त्याचा वेळ वाचला तरी रोज तेवढाच राहतो. हात कमी दुखेल हा फायदा आहेच, पण तो पैशांत मोजता येत नाही. म्हणून खरेदीआधी विचारा: मला पैसे कामाचे मिळतात की दिवसाचे?

घरगुती वापर असेल तर हिशेब आणखी स्पष्ट आहे. ३,००० ऐवजी ३५० रुपयांची पक्कड घेतली तर २,६५० रुपये उरतात. ते वार्षिक ६.५ टक्के चक्रवाढ दराने दहा वर्षे ठेवले तर सुमारे ४,९७५ रुपये होतात. वर्षातून दहा वेळा वापरायच्या हत्यारासाठी एवढी रक्कम अडकवण्याचे कारण नाही.

हरवणे आणि चोरी हाही खर्चच

साइटवर काम करणाऱ्याची हत्यारे झिजण्याआधी हरवतात, हे कुणीही मिस्त्री सांगेल. ३,००० रुपयांची पक्कड दोन वर्षांत गेली तर ६०० दिवसांत तिचा रोजचा खर्च ५ रुपये होतो. दहा वर्षांचे पोलाद विकत घेऊन वापर दोन वर्षांचाच झाला. तुमचे काम एका जागी, कुलूपबंद गॅरेजमध्ये असेल तर महाग हत्यार टिकते. रोज नव्या इमारतीवर, दहा जणांच्या गर्दीत काम असेल तर मधल्या किमतीचे हत्यार शहाणपणाचे.

ब्रँडच्या नावामागे काय असते?

नाव जुने आहे एवढ्यावरून माल कुठे आणि कोणत्या दर्जाचा बनला हे कळत नाही. स्टॅन्ली हे अमेरिकेतील १८४३ पासूनचे नाव. ही कंपनी आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एकत्र आल्या. डीवॉल्ट आणि फ्रान्सची फाकॉम हे ब्रँडही याच समूहाचे झाले. स्वीडनचे बाहको हे नाव १८९२ मध्ये पेटंट मिळालेल्या अडजस्टेबल पान्यामुळे जगभर पोचले. आज हा ब्रँड अमेरिकेच्या स्नॅप-ऑन कंपनीकडे आहे. एकाच मालकाचे स्वस्त, मध्यम आणि महाग असे वेगवेगळे ब्रँड असतात. एकाच ब्रँडचा माल वेगवेगळ्या देशांतही बनतो.

आपल्याकडे जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत आणि तेथील माल परदेशीही जातो. नाशिकला कारखाना असलेली टपारिया ही कंपनी पक्कड, पाने आणि पेचकस यांत देशभर ओळखली जाते. कानशींसाठी जे. के. हे नाव प्रसिद्ध आहे. रोजच्या कामाच्या बऱ्याचशा हत्यारांसाठी अशा भारतीय कंपन्यांचा माल पुरेसा असतो.

स्नॅप-ऑनचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९२० मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे विक्रेते अमेरिकेत हत्यारांनी भरलेली गाडी घेऊन दर आठवड्याला गॅरेजवर जातात. मेकॅनिक गाडीतूनच हत्यार घेतो, आठवड्याच्या हप्त्याने पैसे देतो आणि तुटलेले हत्यार तिथेच बदलून घेतो. त्या भारी किमतीत ही सेवाही धरलेली असते. जिथे अशी गाडी दारात येत नाही, तिथे तीच किंमत मोजणाऱ्याला फक्त लोखंड मिळते.

'आजीवन वॉरंटी' या शब्दांकडेही असेच पाहा. ही वॉरंटी सहसा बनावटीतील दोषापुरती असते. वापराने झिजलेली धार, पाईप घालून जोर लावल्याने वाकलेला पाना किंवा हातोडी म्हणून वापरलेली पक्कड त्यात बसत नाही. तुमच्या शहरात बदलून कोण देणार, बिल लागेल का आणि पाठवणीचा खर्च कुणाचा, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

एका बाबतीत काटकसर नको

विजेच्या कामाची हत्यारे वरच्या सगळ्या हिशेबाला अपवाद आहेत. पकडीच्या दांड्यावर रबर किंवा प्लास्टिक चढवलेले असले म्हणजे ती विजेपासून सुरक्षित होत नाही. ते आवरण केवळ पकड चांगली बसावी म्हणूनही असू शकते. सुरक्षित हत्यारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि '१००० व्होल्ट' असे कोरलेले असते. आयईसी ६०९०० हे त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. असे हत्यार हाती असले तरी काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करायचाच. आवरणाला चीर गेली की ते हत्यार विजेच्या कामातून बाद करायचे. येथे रोजचे पैसे मोजत बसू नये.

दुकानातच करायच्या तपासण्या

- पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापणाऱ्या धारांमधून उजेड दिसता कामा नये.
- सांधा हलवून पाहा. जबडा आडवा हलत असेल तर ठेवून द्या. फार घट्टही नको.
- पाना त्याच मापाच्या नटावर बसवून पाहा. सैल पाना नटाचे कोपरे झिजवतो.
- आयएसआय चिन्ह पाहा. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो, जसे बाजूने तार कापणाऱ्या पकडीसाठी आयएस ३६५०. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर टाकून खरा आहे का ते पाहता येते.
- वेष्टनावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कोणत्या देशात बनले आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापलेले असले पाहिजे. प्रसिद्ध ब्रँडचा माल निम्म्या किमतीत मिळत असेल तर नकली असण्याची शंका घ्या.
- पक्के बिल घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना बिल उपयोगी पडते.

पैसे कुठून आणायचे?

पूर्ण पेटी एकदम महाग ब्रँडची घेऊ नका. सुरुवातीला मधल्या किमतीची हत्यारे घ्या. वर्षभरात जे हत्यार सर्वांत जास्त वापरले गेले, झिजले किंवा कामात कमी पडले, तेवढेच पुढच्या वेळी वरच्या दर्जाचे घ्या. पेटीतील कोणती दोन-तीन हत्यारे तुमची कमाई ओढतात हे वर्षभरात आपोआप कळते.

यासाठी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सोयीची आहे. रोज १० रुपये बाजूला टाकले तर महिन्याला ३०० रुपये होतात. वर्षात ३,६०० रुपये भरले जातात आणि ६.५ टक्के दराने व्याजासह सुमारे ३,७२५ रुपये हाती येतात. म्हणजे दरवर्षी एक उत्तम हत्यार कर्जाशिवाय घेता येते.

हप्त्याने घ्यायचे असेल तर 'नो कॉस्ट ईएमआय' हे शब्द तपासा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट केले होते. व्याज बहुधा न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपलेले असते. रोखीने किती द्यावे लागतील हे आधी विचारा आणि हप्त्यांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकते. त्या दराने कोणतेही हत्यार परवडत नाही.

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, गवंडी, शिंपी, चांभार अशा १८ व्यवसायांना तिचा लाभ मिळतो. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. शिवाय ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, आधी १ लाखापर्यंत आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. वायरमन आणि प्लंबर या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी मुद्रा योजनेचा शिशु गट आहे, त्यात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. दोन्हींपैकी काय घ्यायचे हे आधी ठरवा, कारण मुद्रा कर्जाची परतफेड बाकी असताना विश्वकर्मा योजनेत अडचण येते.

कर्जासाठी बँकेत येताना दुकानाचे कोटेशन आणा. त्यात हत्याराचे नाव, ब्रँड, नग, किंमत आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा. 'हत्यारे: ५०,००० रुपये' एवढ्या एका ओळीच्या कोटेशनवर अर्ज अडतो. तपशीलवार कोटेशनचा फायदा तुम्हालाही होतो. एकेका हत्याराची किंमत समोर आली की त्याची रोजची किंमत काढता येते आणि यादीतील कोणते हत्यार सध्या नको हे कर्ज घेण्याआधीच कळते.