‘कम्प्लीट कंट्रोल’ : एका शब्दप्रयोगाची कुळकथा

उपरोध म्हणजे शब्दाचा उलट अर्थ, ही सर्वपरिचित व्याख्या किती अपुरी आहे हे दाखविणारे एक उदाहरण अगदी अनपेक्षित स्थळी, म्हणजे १९७७ सालच्या एका इंग्रजी रॉक गीतात आढळते. त्याची उत्पत्तिकथा प्रथम पाहू.

‘द क्लॅश’ हा लंडनमधील पंक संगीताचा वाद्यवृंद. जानेवारी १९७७ मध्ये त्याने सीबीएस या बलाढ्य ध्वनिमुद्रण-कंपनीशी एक लक्ष पौंडांचा करार केला. कलाविषयक निर्णय आपल्याच हाती राहतील, अशी या तरुणांची समजूत होती. एप्रिलमध्ये त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. आणि मे महिन्यात कंपनीने तीतील ‘रिमोट कंट्रोल’ हे गीत त्यांची संमती न घेता स्वतंत्र तबकडीच्या रूपाने बाजारात आणले. हा अपराध कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु पंक वृंदाची स्वतंत्र तबकडी हे त्याचे जाहीर निवेदनच असे; ते कोणते करावे हे परक्याने ठरविणे म्हणजे आपल्या तोंडी परक्याने शब्द घालणे होय. सप्टेंबरमध्ये वृंदाने ‘कम्प्लीट कंट्रोल’ या गीताने उत्तर दिले.

हे शीर्षक मात्र कंपनीकडून आलेले नाही. वृंदाचा व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स याने एका बैठकीत आपणांस संपूर्ण ताबा हवा असल्याचे सांगितले होते. गायक जो स्ट्रमर याने पुढे दिलेल्या हकिकतीप्रमाणे, ते ऐकून वादकांना हसू आवरेना. (मराठीत ‘नियंत्रण’ या शब्दात शिस्तीची छटा आहे, ‘ताबा’ या शब्दात मालकीची, इंग्रजी शब्दात दोन्ही एकत्र नांदतात. आपल्याकडे ‘कंट्रोल’ रुजला तो शिधावाटपाच्या दुकानातून, आणि तेथेही या दोन्ही छटा होत्याच.)

डॅन स्पर्बर व डीअर्ड्र विल्सन यांनी १९८१ मध्ये मांडले की, उपरोधात वक्ता शब्दांचा ‘वापर’ करीत नसून ‘उल्लेख’ करीत असतो. दुसऱ्याचे बोल तो प्रतिध्वनीप्रमाणे उच्चारतो आणि त्यांविषयीची आपली वृत्ती सुचवितो. प्रस्तुत गीतास ही उपपत्ती नेमकी लागू पडते. येथे उलट अर्थ मुळीच अभिप्रेत नाही: ताबा खरोखरच संपूर्ण आहे, आणि म्हणूनच तो शब्द हास्यास्पद व संतापजनक ठरतो. शिवाय व्यवस्थापकाचे बोल कंपनीच्या माथी मारल्यामुळे बोलणारा धूसर होतो. गीताचा आरंभही पूर्वसंदर्भ नसलेल्या ‘ते’ या सर्वनामाने होतो. हे ‘ते’ कोण? ॲम्स्टरडॅमला जावयास फर्मावणारे, की मित्रांना कार्यक्रमाच्या दारातून हाकलून देणारे? गीत यांत भेद करीत नाही. माझ्या मते त्याचा बराचसा जोर या संदिग्धतेतच आहे.

योगायोग असा की ध्वनिमुद्रणातही वाद प्रतिध्वनीचाच होता. निर्माता म्हणून जमैकाचा ली पेरी यास पाचारण करण्यात आले होते. वृंदाने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायिलेल्या ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ या रेगे गीताचा तो सहकर्ता. त्याने योजिलेला घुमारा गिटारवादक मिक जोन्स याने नंतर कमी करून गिटारींचा आवाज चढविला.

हे सर्व ज्या कंपनीविरुद्ध, तिनेच ही तबकडी छापली आणि विकली. ब्रिटिश विक्रीयादीत ती अठ्ठाविसाव्या स्थानापर्यंत पोहोचली. कंपनीला शब्दांचे भय नव्हते, एवढे तरी यावरून दिसते. तिच्या अमेरिकन शाखेने पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ पर्यंत प्रकाशित केलीच नाही. केली तेव्हा गीतांचा क्रम बदलला, आणि ‘रिमोट कंट्रोल’च्या लगेच पुढे ‘कम्प्लीट कंट्रोल’ आले.