रविवारी व्हायरस सोडताना

सकाळी ७.३०. पुणे, शुक्रवार पेठ, दुसरा मजला. तो आठवडाभर तपकीर गल्लीजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. रविवारी दुकान बंद, म्हणून अँटीव्हायरसची चाचणी आज. मशीन सेकंड-हँड डेस्कटॉप. त्यातली १६ जीबी रॅम तेवढी नवी, महागात पडलेली. घरच्या वायफायशी या मशीनचा संबंध नाही. नेट वेगळ्या सिमचं, रिचार्ज वेगळा.

८.१५. व्हर्च्युअलबॉक्स उघडतो. आत विंडोजची ९० दिवस चालणारी चाचणी-प्रत, तिच्या चार नकला. एकीत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, बाकी तिघींत विकतचे अँटीव्हायरस, ट्रायलवर. शेअर्ड फोल्डर बंद, क्लिपबोर्ड बंद. चौघांना लागोपाठ अपडेट करतो, वेळ वहीत टिपतो. मग प्रत्येकाचा स्नॅपशॉट. सगळ्यांची सुरुवात सारखी हवी, यावर तो अडून बसतो. ते बरोबरच आहे.

९.००. आधी आयकार फाइल. ६८ अक्षरांची, निरुपद्रवी. अँटीव्हायरस जागा आहे का, एवढंच तिच्यावरून कळतं. चौघेही ओरडतात.

९.२०. आता खरे नमुने, मालवेअरबझारवरून आणलेले चाळीस. झिपचा पासवर्ड नेहमीचाच, ‘इन्फेक्टेड’. उघडताच बरेच पकडले जातात. उरलेल्यांवर तो एकेक करून डबल-क्लिक करतो. फोल्डर स्कॅन करून निकाल लावणारे पुष्कळ. पण प्रोग्राम चालताना काय करतो यावर नजर ठेवण्याचं काम चालवल्यावरच सुरू होतं, आणि गिऱ्हाईक तर डबल-क्लिकच करतं. नेट चालू ठेवावंच लागतं, कारण अँटीव्हायरस कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. म्हणून आपणहून पसरणारे वर्म तो घेतच नाही. दुसऱ्याच्या मशीनला झळ नको.

क्लिक. वाट. नोंद. स्नॅपशॉटवर परत. पुन्हा क्लिक. पाठ अवघडते.

दुपारी १.४०. पोळीभाजी खाऊन रॅन्समवेअर. समोर खोट्या बिलांचा फोल्डर. एका अँटीव्हायरस पॅकने ‘अडवलं’ अशी पाटी दाखवली, पण तोवर अकरा बिलं कुलूपबंद झाली होती. वहीत पाटी नाही, अकरा हा आकडा जातो. दोन नमुने हललेच नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ०८:००:२७ ने सुरू होतो. तो पाहून काही मालवेअर गप्प बसतं. ते अँटीव्हायरसचं यश नव्हे. दोन्ही नमुने हिशेबातून बाद.

४.१०. मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तास. आता गिऱ्हाइकांचे निर्दोष प्रोग्राम चालवून बघायचे, अँटीव्हायरस उगाच अडवतो का ते. टॅली, श्रीलिपी, आणि मंडईतल्या व्यापाऱ्याला कुणीतरी कधीकाळी बनवून दिलेला बिलांचा प्रोग्राम. डिजिटल सही नसलेला, म्हणून संशयित. एका पॅकने तो विचारल्याशिवाय उडवला. व्हायरस सुटला तर कदाचित नुकसान. हा प्रोग्राम गेला तर सोमवारी सकाळी बिल निघणार नाही.

६.४५. बेरीज. पहिल्या तिघांत एकेका नमुन्याचा फरक. “एवढ्याशा नमुन्यांत हा फरक धरायचा नाही,” तो म्हणतो. मागडेबुर्गची एव्ही-टेस्ट, इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या चाचणी-संस्थांकडे नमुन्यांचे ढीग असतात. त्यांचे अहवालही तो वाचतो. बिलांचा प्रोग्राम उडवणारा पॅक मात्र त्याने खोडला.

७.२०. फोन. किराणा दुकानातल्या काकू.

“दादा, मग कुठलं टाकायचं?”

“काकू, आहे तो डिफेंडर राहू द्या, फक्त बंद करू नका. त्या पैशात बाहेरची हार्ड डिस्क घ्या. रोज कॉपी काढायची आणि वायर काढून ठेवायची. मंगळवारी दुकान उघडायच्या आधी येऊन दाखवतो.”

“तुझे किती?”

“दीडशे.”