समृद्धी कुठे उतरते?

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. वाटेत दहा जिल्हे, २६ तालुके आणि ३९२ गावं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा, आणि हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. लोकांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘समृद्धी’. ‘समृद्धीनं आलो’, ‘समृद्धीत जमीन गेली’ ही वाक्यं आता विदर्भ-मराठवाड्यात रोजच्या बोलण्यातली झाली आहेत.

नागपूरचा माणूस आठ तासांत मुंबईच्या उंबरठ्यावर येतो, याचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा हे मोठ्या तोलाचं काम आहे. कसारा घाटाची वळणं ज्यांनी पावसाळ्याच्या रात्री ट्रकच्या रांगेत काढली आहेत, त्यांना त्याची किंमत सांगायला नको. मात्र टोकाच्या दोन शहरांमधलं अंतर कमी होणं ही एक गोष्ट आणि मधल्या तालुक्यांच्या हाती पैसा खेळणं ही दुसरी. पहिली आपोआप घडते. दुसरीसाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि ती घ्यायची जागा म्हणजे इंटरचेंज व त्याच्या आजूबाजूचे दहा-वीस किलोमीटर.

फाट्यावरची बाजारपेठ

विदर्भातून संभाजीनगरकडे येणारा जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना अशी गावं धरत येतो. या रस्त्यावर प्रत्येक फाटा ही एक छोटी बाजारपेठ असते. एसटीचा थांबा, त्याला लागून चहाची टपरी, शेजारी पंक्चरचं दुकान, समोर ढाबा, बाजूला कृषी सेवा केंद्र आणि शनिवार-रविवारी टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. ट्रकवाला टायर तपासायला थांबतो, तेवढ्यात चहा होतो, मोबाइलचा रिचार्ज होतो, कधी सीताफळाची टोपली गाडीत चढते. आतल्या गावांत यातलं बरंच काही चालतं ते या फाट्याच्या जिवावर. इथे धंदा करायला परवाना, गाळा, भांडवल यांची फार गरज लागत नाही. गाड्या थांबल्या म्हणजे झालं.

समृद्धी या सगळ्याला बगल देऊन जातो. तो नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, १२० मीटर रुंदीचा पट्टा, जाण्याच्या तीन आणि येण्याच्या तीन मार्गिका, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. चढण्या-उतरण्याची सोय फक्त इंटरचेंजवर, म्हणजे सरासरी २५ ते ३० किलोमीटरला एकदा. दुचाकी, तिचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मज्जाव. वेग आणि सुरक्षितता यांसाठी हे नियम लागतातच. पण त्यामुळे असं झालं, की ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्या शेतकऱ्याला आपल्या मोटारसायकलवरून त्या रस्त्यावर जाता येत नाही. पूर्वी शेताला लागून डांबरी रस्ता आला म्हणजे शेताचा भाव वाढे. आता कुंपणाला लागून असलेल्या शेताला रस्ता दिसतो, पण मिळत नाही.

मोबदला आला, पुढे काय?

या रस्त्यासाठी आठ हजार हेक्टरांहून अधिक जमीन लागली. सुरुवातीला सरकारनं भूसंचयाची योजना मांडली होती: शेतकऱ्यानं जमीन द्यायची, बदल्यात नव्या नगरात विकसित भूखंड आणि काही वर्षं ठरावीक रक्कम घ्यायची. गावोगाव तिला विरोध झाला. हातातली काळी जमीन देऊन कागदावरच्या नगरातला तुकडा घ्यायला कोण तयार होणार? अखेर २०१७ पासून थेट खरेदीचा मार्ग अवलंबला गेला, रेडी रेकनरच्या जवळपास पाचपट दर देण्यात आला आणि खरेदीखतं झपाट्यानं झाली.

वर्षानुवर्षं कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या कुटुंबाच्या खात्यात एकरकमी लाखो, काहींच्या कोटी रुपये जमा होणं ही साधी घटना नव्हे. ज्यांना जमलं त्यांनी शेजारच्या तालुक्यात जमिनीला जमीन घेतली. त्यामुळे तिथले भाव चढले आणि उशिरा मोबदला मिळालेल्यांना तेवढ्याच पैशात कमी शेत मिळालं. काहींनी घर बांधलं, मुलामुलींची लग्नं केली, गाडी घेतली. सातबाऱ्यावर बहिणींची नावं होती तिथे वाटणीचे वाद कोर्टापर्यंत गेले. आणि जो त्याच शेतात मजुरी करून पोट भरत होता, त्या भूमिहीन माणसाचं नाव सातबाऱ्यावर नसल्यानं खरेदीखताशी त्याचा संबंधच आला नाही.

मोबदला ही एकदाच मिळणारी रक्कम आहे. रस्त्यामुळे वर्षामागून वर्ष उत्पन्न मिळत राहिलं, तरच त्याला विकास म्हणता येईल.

अभ्यास काय सांगतात

महामार्गामुळे भोवतालचं अर्थकारण खरंच बदलतं का, यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोणाचा अभ्यास एजाझ घनी, आरती ग्रोव्हर गोस्वामी आणि विल्यम केर यांनी केला. महामार्गापासून दहा किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत कारखानदारी ठळकपणे वाढली, त्यापलीकडच्या जिल्ह्यांत तसा परिणाम दिसला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. चीनच्या राष्ट्रीय महामार्गांवरचं बेंजामिन फाबर यांचं काम आणखी सावध करणारं आहे. मोठ्या शहरांच्या मधले जे परगणे महामार्गानं जोडले गेले, त्यांची औद्योगिक वाढ न जोडलेल्या परगण्यांपेक्षा मंदावली, कारण मोठ्या शहराचा माल त्यांच्या बाजारात स्वस्तात येऊ लागला. रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. जालन्याची मोसंबी मुंबईला जाते, तशी भिवंडीच्या गोदामातली वस्तूही मेहकरच्या दुकानदाराशी स्पर्धा करायला येते.

तिसरा अभ्यास आपल्या खेड्यांतल्या रस्त्यांचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांबद्दल सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांना आढळलं, की पक्का रस्ता झाल्यावर लोक शेतीबाहेरच्या कामाकडे वळले, पण गावातली शेती आणि मालमत्ता यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसता रस्ता माणसाला कामापर्यंत पोचवतो. काम गावापर्यंत आणायला आणखी काही लागतं.

मोसंबीची गाडी

ते ‘आणखी काही’ म्हणजे काय, हे जालन्याच्या उदाहरणावरून समजतं. हे स्टीलच्या रोलिंग मिल्सचं आणि बियाणे उद्योगाचं शहर. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. जालन्याहून आमणे साधारण साडेतीनशे किलोमीटर. जड वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा धरली तरी साडेचार-पाच तासांचा पल्ला. सायंकाळी भरलेला माल पहाटेच्या लिलावाला वाशीत उतरू शकतो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी परतून पुढची फेरी करू शकते. फेऱ्या वाढल्या की गाडीवाल्याचा खर्च जास्त मालावर विभागला जातो.

पण या साखळीतला प्रत्येक दुवा तपासून पाहा. मोसंबी बागेतून निघते ती पांदण रस्त्यानं. पावसाळ्यात तो चिखलानं भरलेला असेल, तर पहिल्या तीन किलोमीटरला जेवढा त्रास तेवढा पुढच्या तीनशेला नाही. त्यानंतर तालुक्याच्या खड्डेमय रस्त्यानं इंटरचेंज गाठायचा. तिथे प्रतवारी आणि पॅकिंगचं केंद्र नसेल, शीतगृह नसेल, तर माल व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावानं बांधावरच विकला जातो. वाचलेल्या वेळाचा नफा वाहतूकदाराला आणि व्यापाऱ्याला मिळतो, बागायतदाराला मिळत नाही. त्यात टोल. एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपये सहा पैसे, म्हणजे पूर्ण प्रवासाला चौदाशेच्या वर. जड वाहनांना त्याहून बराच जास्त. थोडा माल असलेला एकटा शेतकरी हा खर्च पेलू शकत नाही. दहा-वीस जणांनी मिळून गाडी भरली, तर पेलतो. म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांना या रस्त्याच्या हिशोबात बाजार समितीइतकंच महत्त्व आहे.

आराखडा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. इंटरचेंजजवळ कृषी समृद्धी केंद्रं, म्हणजे नवनगरं, उभारण्याची कल्पना प्रकल्पाच्या मुळातच होती: गोदामं, प्रक्रिया उद्योग, बाजार, वस्ती. पण रस्त्याचं काम ज्या नेटानं पुरं झालं, त्या नेटानं ही केंद्रं उभी राहिली नाहीत. साध्या सोयींचीही तीच गत. पहिला टप्पा खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटरवर पेट्रोल पंप, उपाहारगृहं, स्वच्छतागृहं अगदी तुरळक होती. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्या अपघातानंतर चालकांच्या विश्रांतीचा आणि थांब्यांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. विश्रांतीची जागा ही चैन नव्हे. तिथे चालकाचा जीव वाचतो आणि गावच्या बचत गटाला गिऱ्हाईकही मिळतं.

पर्यटन आणि गोदामं

समृद्धीच्या पट्ट्यात पाहण्यासारखं किती आहे! जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा, २०२० पासून रामसर स्थळ असलेलं लोणार सरोवर, दौलताबाद, वेरूळ, शिर्डी. शिर्डीला गर्दी पूर्वीही होती. लोणारला येणारा पाहुणा मात्र राहायची नीट सोय नसेल तर दोन तासांत परत फिरतो आणि मुक्कामाचा पैसा दुसऱ्या शहरात खर्च करतो. मेहकर किंवा सिंदखेडराजाला उतरणाऱ्या माणसाला दिशादर्शक फलक, चांगला जोडरस्ता, घरगुती निवास आणि माहितगार वाटाड्या मिळाला, तर एका रात्रीच्या मुक्कामातून त्या तालुक्यात अनेक हातांना काम मिळतं.

मोठा उद्योग मात्र जिथे वीज, पाणी आणि जागा तयार आहे तिथेच जाईल. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्र, नागपूरचं मिहान आणि बुटीबोरी, भिवंडीची गोदामं यांना समृद्धीचा लाभ सहज मिळतो. वाशीम, बुलढाण्यातल्या इंटरचेंजना तो मिळवून द्यावा लागेल.

पुढच्या रस्त्यांसाठी

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग समृद्धीला जोडण्याची आखणी आहे. पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाचा मूळ आराखडा सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि १२ जिल्ह्यांचा; त्याला कोल्हापुरापासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांचा तीव्र विरोध झाला. कोकणात मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं गेलं आणि दशक उलटलं तरी रखडलं. त्या धुळीची आणि खड्ड्यांची किंमत रस्त्याकडेच्या दुकानदारांनी आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी मोजली.

समृद्धी हवा होता, आणि तो झाला हे चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण महामार्गाच्या खर्चात इंटरचेंजपासून वीस किलोमीटरपर्यंतचे जोडरस्ते, कुंपणालगतचे सेवा रस्ते, पाणी न तुंबणारे भुयारी मार्ग, शीतगृह आणि स्थानिकांसाठी राखीव गाळे हे पहिल्या दिवसापासून धरले पाहिजेत. नंतर वेगळी योजना, वेगळा निधी, वेगळं खातं म्हटलं की ते कागदावरच राहतं. आपल्या तालुक्यातून उद्या नवा महामार्ग जाणार असेल, तर ग्रामसभेत मोबदल्याच्या दराबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारा: आमच्यासाठी चढायची-उतरायची जागा कुठे आहे, आणि तिथपर्यंतचा रस्ता कोण, कधी बांधणार? उत्तर लेखी घ्या, आणि ते मिळाल्यावरच पुढची बोलणी करा.