ओमानचा प्रवास : कोणतीं स्थळें निवडावीं?

अरबी समुद्राच्या पैलतीरावर, मुंबईहून विमानानें तीन तासांच्या आंत गांठतां येईल इतक्या अंतरावर, ओमान हा देश पसरलेला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,०९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढेंच. परंतु २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींहून अधिक भरली, आणि ओमानची वस्ती आज पन्नास लाखांच्या आसपास आहे. एवढ्या विस्तीर्ण भूमीवर इतकीं थोडीं माणसें कां, आणि जीं आहेत तीं ठराविक ठिकाणींच कां वसलीं, या दोन प्रश्नांचें उत्तर ज्याला उमगलें त्याला त्या देशांत काय पाहावें हें ठरविणें फारसें जड जात नाहीं.

एरव्हीं मात्र ही निवड मोठी अवघड आहे. नकाशा उघडावा तों उत्तर टोकाला मुसंदमचे समुद्रांत शिरलेले कडे दिसतात, दक्षिणेस धोफारची हिरवी किनारपट्टी दिसते, पश्चिमेस रुब अल् खालीचें अफाट वाळवंट दिसतें, आणि या सर्वांच्या मध्यें किल्ले, दऱ्या व प्राचीन अवशेष विखुरलेले आढळतात. मस्कतपासून धोफारची राजधानी सलाला रस्त्यानें सुमारें १,००० किलोमीटर दूर आहे. आठ दिवसांची रजा काढून गेलेल्या कुटुंबानें हें सारें पदरांत पाडून घ्यावयाचें म्हटलें, तर त्याची रजा मोटारींत बसण्यांतच संपते व वर्षभर सांठविलेला पैसा पेट्रोलच्या धुरांत जातो. शिवाय भलत्या ऋतूंत भलत्या ठिकाणीं गेल्यास प्रसंग जिवावरहि बेततो. म्हणून अशा देशांत स्थळें निवडण्यास कांहीं तरी सूत्र हवें; आणि ओमानपुरतें तें सूत्र एकच आहे. पाण्याच्या मागानें जावें.

याचें कारण त्या भूमीच्या घडणींत आहे. कर्कवृत्त मस्कतच्या किंचित दक्षिणेकडून जातें. मस्कतला वर्षाकाठीं सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला जुलै महिन्यांत एवढा पाऊस कित्येकदां एका दिवसांत पडून जातो. परंतु किनाऱ्याच्या मागें हजर पर्वताची रांग उभी आहे. तिचें सर्वोच्च शिखर जबल शम्स सुमारें ३,००० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुपटीनें उंच आहे. ही भिंत हिवाळ्यांतील ढगांना व उन्हाळ्यांतील वळवाच्या सरींना अडविते, आणि माथ्यावर मस्कतच्या तिपटीच्या घरांत पाऊस पडतो. या पर्वताचा पुष्कळसा भाग चुनखडीचा आहे. पाणी त्याच्या भेगांतून खालीं झिरपतें आणि पायथ्याशीं वाळू-गोट्यांच्या थरांत सांठून राहातें. तेव्हां डोंगर हा येथला मेघ, पायथा हें येथलें तळें, आणि त्याच्याहि पलीकडे, जेथें हें पाणी पोंचत नाहीं, तेथें वाळवंट. निझवा, बहला, अल् हमरा हीं जुनीं गांवें पायथ्याच्या रेषेवर ओळीनें कां वसलीं, याचा उलगडा एवढ्यावरून होतो. प्रवाशानें आपला मुक्काम याच रेषेवर ठेवावा.

पायथ्याखालचें पाणी वर आणण्याची जी युक्ति ओमानी लोकांनीं शतकानुशतकें चालविली आहे तिला 'फलज' म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशीं एक खोल विहीर खणून भूगर्भांतील पाण्याची पातळी गांठावयाची. तेथून गांवाच्या दिशेनें एक भुयार काढावयाचें. जमिनीचा जेवढा उतार असेल त्याहून भुयाराचा उतार किंचित कमी ठेवावयाचा, म्हणजे कांहीं किलोमीटर गेल्यावर भुयार आपोआप जमिनीच्या पृष्ठभागाशीं येऊन मिळतें आणि पाणी पंप-मोटेवांचून उघड्या पाटांत वाहूं लागतें. वाटेंत ठराविक अंतरांवर हवेसाठीं व गाळ काढण्यासाठीं उभीं विवरें ठेवलेलीं असतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें जो नहर बांधला तो ज्यांनीं पाहिला आहे त्यांना या रचनेची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं. सारेच फलज मात्र भुयारी नसतात. कांहीं झऱ्यापासून निघतात, तर कांहीं ओढ्याचेंच पाणी वळवून नेतात. वाटेंत ओढ्याचें पात्र आडवें आलें, तर पाणी एका बाजूस खोल उतरवून पात्राखालून नेतात व दुसऱ्या बाजूस पुनः वर चढवितात.

बांधणीपेक्षांहि वांटणीची व्यवस्था अधिक नवलाची आहे. फलजाचें पाणी गांवांत शिरतांच प्रथम पिण्यासाठीं घ्यावयाचें, नंतर मशिदीच्या व स्नानाच्या उपयोगास, आणि मग शेवटीं खजुरीच्या बागांकडे सोडावयाचें, असा क्रम असतो. बागांना पाणी मिळतें तें मापानें नव्हे, तर वेळेनें. अर्ध्या तासाच्या वांट्याला 'अथर' असें नांव आहे. ज्याच्या नांवावर जितके अथर तितका वेळ पाट त्याच्या बागेंत वाहावयाचा. पूर्वीं दिवसा खुंटाच्या सावलीवरून आणि रात्रीं ताऱ्यांच्या उदयास्तावरून ही वेळ मोजीत. आतां घड्याळ आलें, तरी वांट्यांची पद्धति टिकून आहे. कांहीं वांटे लिलावांत विकले जातात व त्या उत्पन्नांतून पाटाची डागडुजी होते. असे सुमारें तीन हजार फलज अजूनहि वापरांत असून त्यांपैकीं पांचांना युनेस्कोनें २००६ सालीं जागतिक वारशांत स्थान दिलें आहे.

या पांचांपैकीं दोन प्रवाशाला सहज पाहातां येतात. निझव्याजवळचा फलज दारिस हा त्यांतील विख्यात. दुसरा, बिर्कत अल् मौझ येथील फलज अल् खत्मैन, त्याहूनहि पाहाण्याजोगा. कारण तेथें एका प्रवाहाचे तीन सारखे वांटे कसे करतात तें डोळ्यांनीं दिसतें. ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांनीं मिस्फात अल् अब्रियीन या डोंगरउतारावरील खेड्यांत जावें व पाटाच्या कांठानें बागांमधून फिरावें. मात्र हीं नांदतीं गांवें आहेत. पाटांत पाय धुऊं नयेत, बागेंत विचारल्यावांचून शिरूं नये, आणि घरांची व बायकामाणसांची छायाचित्रें परवानगीशिवाय घेऊं नयेत.

निझवा मस्कतपासून सुमारें १६० किलोमीटरवर आहे. तेथील किल्ल्याचा प्रचंड वर्तुळाकार बुरूज सतराव्या शतकांत इमाम सुलतान बिन सैफ यानें उभारला. याच इमामानें १६५० सालीं पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकून लावलें. ते तेथें १५०७ पासून ठाण मांडून होते. ज्या आल्बुकर्कनें १५१० सालीं गोवें घेतलें त्यानेंच त्यापूर्वीं तीन वर्षें मस्कत जिंकलें होतें. गोमंतकाचे किल्ले पाहिलेल्या माणसाला मस्कत बंदरावरचे जलाली व मीरानी हे दोन किल्ले म्हणूनच परके वाटत नाहींत. निझव्यास शक्य तर शुक्रवारीं सकाळीं असावें. त्या दिवशीं किल्ल्याजवळ गुरांचा बाजार भरतो. विकणारे शेळ्या-बैल घेऊन रिंगणांत फिरत राहातात, आणि गिऱ्हाइकें कडेला बसून भाव पुकारतात.

पायथ्यावरून डोंगरावर जातांना दोन वाटा फुटतात, व येथें निवड करावी लागते. जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर, यावर सुमारें दोन हजार मीटर उंचीचें सैक हें पठार आहे. उतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें असून त्यांत डाळिंब, अक्रोड व गुलाब पिकतात. मार्चअखेरपासून एप्रिलभर गुलाबांची तोडणी चालते आणि घरोघर गुलाबपाणी काढतात. चढण फार असल्यामुळें बिर्कत अल् मौझ येथें पोलीस चौकी आहे, व चारहि चाकांना जोर मिळणाऱ्या मोटारीखेरीज इतर मोटारी वर सोडीत नाहींत. दुसरी वाट जबल शम्सची. तेथें सुमारें एक हजार मीटर खोल दरी आहे आणि तिच्या कड्याच्या पोटांतून एका ओसाड खेड्याकडे पायवाट गेली आहे. ज्यांच्याबरोबर मुलें व वडील माणसें आहेत त्यांनीं जबल अख्दर निवडावा. ज्यांचे पाय खंबीर आहेत व ज्यांना उंचीचें भय नाहीं त्यांनीं जबल शम्स. एका आठवड्यांत दोन्ही करूं नयेत.

वाळवंटाच्या बाबतींतहि असाच विवेक हवा. रुब अल् खालीचें नांव मोठें आहे. १९३०-३१ च्या हिंवाळ्यांत बर्ट्रम टॉमस यानें सलालाहून निघून तें ओलांडलें, तेव्हांपासून युरोपियन प्रवाशांना त्याचा ध्यास लागला. परंतु आठ दिवसांच्या प्रवाशाला तें पुरतें पाहातांहि येणार नाहीं, आणि पाहातां येण्याजोगा भाग मुक्कामापासून फार दूर पडतो. त्याला शर्किय्याचें वाळवंट पुरेसें आहे. तें उत्तर-दक्षिण सुमारें १८० किलोमीटर लांब असून त्यांतील वाळूच्या टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच आहेत. निझव्याहून त्याच्या कांठचें बिदिया हें गांव तीन तासांच्या टप्प्यांत येतें. त्या कांठावर 'गाफ' नांवाच्या झाडांचीं विरळ वनें दिसतात. हें झाड म्हणजे महाराष्ट्रांतील शमीच होय. त्याचीं मुळें फार खोल जातात. जेथें गाफ तेथें खोलवर का होईना पण ओल आहे, हें बदावी जाणतो व त्याच्या सावलींत तळ देतो. वाळूंत मोटार घालतांना चाकांतील हवा कमी करावी लागते व वाटा क्षणांत बुजतात. म्हणून तेथें वाटाड्यावांचून पाऊल टाकूं नये, आणि एक रात्र राहून परतावें. परततांना जवळच वादी बनी खालिद ही दरी आहे. तिच्यांत बारमहा भरलेले डोह आहेत. रात्रभर वाळू पाहिलेल्या डोळ्यांना त्या पाण्याचें मोल वेगळें सांगावें लागत नाहीं.

परंतु ज्या पाण्याच्या मागानें जावयाचें तेंच पाणी येथें घातकहि ठरतें. वादी म्हणजे कोरड्या नदीचें पात्र. रस्ते ठिकठिकाणीं या पात्रांतून जातात. डोंगरमाथ्यावर उघड्या खडकावर सर आली कीं पाणी धरून ठेवण्यास माती नसते. तें लोंढ्यानें खालीं येतें, आणि जेथें आकाश निरभ्र आहे तेथेंहि पूर येऊन थडकतो. एप्रिल २०२४ मधील अशा पुरांत शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. म्हणून डोंगरावर ढग दिसत असतां दरींत उतरूं नये, पात्रांत तंबू ठोकूं नये, व वाहत्या पाण्यांत मोटार घालूं नये. तसें करणें तेथें कायद्यानेंहि गुन्हा आहे. ऋतूचा विचार केला तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मेपासून मस्कतचा पारा ४० अंशांच्या वर जातो.

धोफार मात्र या हिशेबांत बसत नाहीं. जो नैऋत्य मोसमी वारा कोंकणांत धो धो पाऊस आणतो त्याचीच एक कड धोफारच्या डोंगरांना लागते, व जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तेथें धुकें व झिमझिम राहून डोंगर हिरवे होतात. या ऋतूला 'खरीफ' म्हणतात. डोंगराच्या पलीकडील कोरड्या बाजूस लोबानाचीं झाडें वाढतात, ज्यांच्या डिंकाचा व्यापार प्राचीन काळीं रोमपर्यंत चाले. उत्तर ओमानला हिंवाळा हवा आणि धोफारची शोभा पावसाळ्यांत. सबब दोन्हींची मोट एका प्रवासांत बांधूं नये. धोफार पुढील खेपेस ठेवावें.

या सर्वाचा मेळ असा बसतो. पहिले दोन दिवस मस्कत : मुत्रहचा बाजार, जेथें १९७० पर्यंत रुपया चालत असे; २००१ सालीं खुली झालेली सुलतान काबूस मशीद, जिच्यांत ७० मीटर लांब व ६० मीटर रुंद असा एकच गालिचा अंथरला आहे; आणि राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय. पुढील तीन दिवस निझव्यास मुक्काम : दोन दिवस पायथ्याचीं गांवें व फलज, एक दिवस डोंगर. सहाव्या दिवशीं बिदियाच्या वाळूंत एक रात्र. सातव्या दिवशीं वादी बनी खालिद पाहून सूर या जुन्या जहाजबांधणीच्या बंदरांत मुक्काम, आणि आठव्या दिवशीं किनाऱ्याच्या रस्त्यानें मस्कत. एखादा दिवस हाताशीं अधिक असेल तर सूरजवळील रास अल् जिन्झ येथें रात्रीं अंडीं घालण्यास येणारीं समुद्री कांसवें वाटाड्याबरोबर पाहावीं. निघण्यापूर्वीं त्या भागांतील तत्कालीन परिस्थितीची व हवामानाची चौकशी करावी, हें सांगणें नलगे.

या क्रमानें गेलेल्या प्रवाशाच्या यादींतून कित्येक प्रसिद्ध नांवें गळतील. परंतु डोंगरावर पडलेला थेंब भुयारांतून गांवांत कसा येतो, तेथें घटकांनीं कसा वांटला जातो, आणि जेथें तो संपतो तेथें वाळू कशी सुरू होते, हें त्यानें क्रमानें पाहिलेलें असेल. धांवपळीनें गोळा केलेल्या वीस स्थळांपेक्षां ही ओळख त्याच्या व त्याच्या मुलाबाळांच्या स्मरणांत अधिक काळ राहील.