खुपऱ्या

वरची पापणी उलटून पाहावी, तो आत बारीक दाणे दिसावेत, ही खुपऱ्यांची पहिली खूण. संसर्ग पुनःपुन्हा झाला, म्हणजे पापणीस आतून व्रण पडतात, ती आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासून अखेर दृष्टी हरपते. या रोगाविरुद्ध १९६३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. दिल्लीच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने २०१४ ते २०१७ या काळात ठिकठिकाणच्या मुलांच्या पापण्या तपासल्या. संसर्ग क्वचितच आढळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील या सार्वजनिक समस्येचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. याचे श्रेय औषधांना व शस्त्रक्रियेला आहे, तसेच स्वच्छ पाण्याने धुतलेल्या चेहऱ्यालाही आहे. गेलेली दृष्टी मात्र परतत नाही. म्हणून दक्षता सुटता कामा नये.